आमचं भांडण पेपरात झालं

टँकरमागच्या चिखलात भाभीचा पाय घसरला आणि मी तिचा दंड धरून तिला वर ओढलं. एवढंच घडलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरच्या पहिल्या पानावर आम्ही दोघी होतो. माझं तोंड उघडं, कपाळावरच्या शिरा ताणलेल्या, मुठीत भाभीचा दंड. तिचा चेहरा वेडावाकडा, एक हात हवेत. आणि वर मथळा : ‘पाण्यासाठी दोन गट भिडले, पडेगाव परिसरात तणाव.’

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. वय झालं की राग उतरतो म्हणतात. माझा उतरला नाही.

आमचं घर दौलताबाद रोडला, पडेगावच्या पुढं. एन.ए. प्लॉट पडले तेव्हा आम्ही तिथं बांधलं, आणि लगेच शेजारी भाभीच्या घरचं बांधकाम सुरू झालं. तिचा नवरा गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात कटिंग मास्तर होता. आमच्या दोघींच्या अंगणात एकच कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून वाट्या इकडून तिकडं गेल्या, पोरं इकडून तिकडं उड्या मारून मोठी झाली. मी तिला भाभी म्हणायची, ती मला ताई. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते, मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर. दोघंही तोवर रिटायर झालेलो. जन्मभर पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाच्या घरी नळाला पाणी नव्हतं, यावर गल्लीतल्या बायका यांची फार चेष्टा करायच्या.

पाण्याची लाइन आमच्यापर्यंत आलीच नव्हती. टँकर यायचा. टँकरचा दिवस म्हणजे सगळी कामं बाजूला. दारासमोर निळे ड्रम, मागं पातेली, बादल्या, कुणाचा तर जुना कुकरसुद्धा. शहराचं नाव काय असावं यावर तेव्हा टीव्हीवर रोज आरडाओरडा चालायचा. आमच्या ड्रमात त्यातून थेंब पडला नाही.

उन्हाळ्याचे दिवस. टँकर चार-पाच पाळ्या चुकलेला. त्या सकाळी तो येताना दिसला आणि बायका ड्रम सरकवायला लागल्या, तर तो थांबलाच नाही. आमच्या कॉलनीवरून सरळ पुढं गेला आणि आत वळला. आत आमच्या नगरसेवकाच्या मेव्हण्याचं लग्नाचं लॉन्स होत होतं. नवीन हिरवळ लावली होती, तिला पाणी हवं होतं.

आधी कोण धावलं मला आठवत नाही. सगळ्याच धावलो. साड्या खोचून, दुपट्टे गुंडाळून, बुरखा वर धरून. मी साठी ओलांडलेली बाई चपला हातात घेऊन धावले. लॉन्सच्या फाटकाशी आम्ही टँकर अडवला. ड्रायव्हर खाली उतरायला तयार नव्हता.

“मावशी, मला वरून सांगितलंय. माझ्यावर कशाला ओरडता?”

“वरून म्हंजे कुठून? देवानं सांगितलं का?” आमच्यातली एक बाई म्हणाली. ती रोडच्या पलीकडं पीठगिरणी चालवायची, आवाज गिरणीवरून ऐकू जाईल असा. तिनंच मागं जाऊन पाइप सोडवून हातात धरला. तोटी अर्धवट उघडली, पाणी सुटलं, खाली चिखल झाला. भाभी तोटी बंद करायला गेली आणि घसरली. मी तिला धरलं. मी ओरडत होते हे खरं आहे. मी ओरडत होते, “अगं, सांभाळ!” ती पण ओरडत होती. कोपर मुरगळलं होतं तिचं.

लॉन्सचा मुकादम फाटकात उभा राहून मोबाइलवर हे सगळं घेत होता. आमचं तिकडं लक्ष नव्हतं. शेवटी ड्रायव्हरनं टँकर मागं वळवला. आम्ही त्याच्या पुढं-मागं चालत, वरात निघाल्यासारख्या, कॉलनीत आलो. पाणी भरलं. गिरणीवालीनं भाभीचा ड्रम आधी भरून दिला, तिचा हात दुखत होता म्हणून. संध्याकाळी मी यांना सगळं रंगवून सांगितलं. हे हसून हसून खोकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी फोन आला तो सोयगावहून माझ्या भावाचा.

“ताई, तू धड हाईस ना? लई लागलं का?”

“काय लागलं?”

“अगं, तुमच्याकडं दंगल झाली म्हणं. तुझा फोटो हाय. इथं चौकात सगळे बघायलेत. मी गाडी घेऊन येऊ का? चार दिवस इकडंच राहा.”

मी पेपर शोधला तर तो यांच्या हातात. हे खुर्चीत बसून तो परत परत वाचत होते. चष्मा काढून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “तू मला हे सांगितलं नाहीस.”

“काय नाही सांगितलं?”

“हेच. भांडण झालं ते.”

“काल दोन तास काय सांगत होते मी तुम्हाला?”

“ते टँकरचं सांगितलंस. पण इथं तर...” त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. “उगाच कोण छापेल? काहीतरी झालं असणार ना.”

त्या क्षणी मला जो राग आला तो आधी त्या पेपरचा नव्हता, या माणसाचा होता. अख्खं आयुष्य माझ्या हातचं खाल्लं. मी काल समोर बसून सांगितलं ते कानावरून गेलं आणि दारात येऊन पडलेल्या कागदानं सांगितलं ते खरं? मी त्यांच्या हातातून पेपर ओढला. अर्धं पान त्यांच्या हातात राहिलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही.

भाभी भिंतीपाशी आली तेव्हा तिच्याही हातात पेपर होता. ती हसत होती.

“ताई, देखे क्या? अपन दोनों लड़े बोलते!”

“देखा.”

“और तुम मेरेकू मारे बोलते!” आणि मुरगळलेलं कोपर दाखवून म्हणाली, “सबूत भी है देखो.”

मलाही हसू आलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून आम्ही दोघी हसलो. तेवढंच. दुपारी कॉलनीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. हवालदार दारोदार विचारत फिरला, कोण कोण होतं, आधी कुणी हात उचलला. कुणीच उचलला नाही म्हटलं तर म्हणायचा, “असंच म्हणतात सगळे.” संध्याकाळी नगरसेवकाचा माणूस येऊन सांगून गेला : वातावरण निवळेपर्यंत टँकर बंद. भांडणं व्हायला नकोत म्हणून.

हे मी परत सांगते. टँकर लॉन्सला जात होता, ही बातमी होती. ती कुठंच आली नाही. जी आली ती घडलेलीच नव्हती, आणि तिच्यापायी आमचं पाणी बंद झालं. हिरवळीला मात्र रोज पाणी मिळत होतं. हिरवळीत दोन गट नसतात.

पेपरात असं का छापावं, हे मला समजत नव्हतं, कारण मी पेपरवाल्यांना जवळून ऐकलेलं होतं. बघितलं नव्हतं, ऐकलं होतं. ट्रंक कॉलच्या काळात तालुक्याचे वार्ताहर आमच्या एक्सचेंजमधून शहरात बातम्या सांगायचे. कन्नडहून, सिल्लोडहून, सोयगावहून. लाइन इतकी खराब, की पलीकडच्याला काही ऐकू यायचं नाही. मग ते ओरडायचे, “ऑपरेटर, तुम्ही सांगा हो त्यांना!” आणि मी मध्ये बसून एकेक वाक्य उचलून पुढं द्यायची. बैलगाडी ओढ्यात वाहून गेली. माणूस वाचला, बैल गेला. पलीकडून विचारणा यायची, एक बैल की दोन? मी इकडं विचारायची, एक की दोन? कन्नडचा एक म्हातारा वार्ताहर तर कॉल संपल्यावर परत कॉल लावायचा. “बाई, मी त्या मयताच्या वडलांचं नाव चुकीचं सांगितलं. त्यांना निरोप द्या, नाहीतर उद्या भलत्याच घरात रडणं होईल.” सगळेच असे होते असं मी म्हणत नाही. दारू पिऊन बातम्या ठोकणारेही होते. पण कुणी ठोकली तर डेस्कवरचा माणूस त्याला फोनवर फाडून खायचा, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आणि मी स्वतः. एका बाजूचा शब्द दुसऱ्या बाजूला बदलून दिला तर आम्हाला मेमो मिळायचा. त्या खुर्चीत मी माझी सगळी नोकरी काढली.

तिसऱ्या दिवशी मी भाभीला म्हणाले, “चल, पेपरच्या ऑफिसात जाऊ.”

“नक्को ताई. छोड़ो. और कुछ छाप देंगे.”

“म्हणून तर चल. दोघी गेलो तर काय छापतील?”

तिचा नवरा नको म्हणत होता. मी त्याला म्हणाले, मास्तर, मी घेऊन जाते, मीच परत आणते. आम्ही रिक्षानं गेलो. काचेचं ऑफिस, आत थंडगार. दारावरच्या पोरीनं विचारलं, कुणाला भेटायचंय. मी म्हटलं, ज्यांनी आमचं भांडण लावलं त्यांना.

संपादक चांगला माणूस वाटला. हे मुद्दाम सांगते, कारण खलनायक असता तर सोपं झालं असतं. पन्नाशीचा, बारीक आवाजात बोलणारा. आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. पाणी बघून भाभीनं माझ्याकडं बघितलं. काचेचे दोन ग्लास, गार, काठोकाठ.

मी पेपर टेबलावर ठेवला. “यात दोन गट भिडले असं लिहिलंय. ते दोन गट आम्ही. मी एक, ही दुसरा.”

त्यानं फोटो बघितला, आम्हाला बघितलं. मग बातमी लिहिणाऱ्या मुलाला बोलावलं. मुलगा तिशीच्या आतला, डोळे सुजलेले, कानाला फोन. मी त्याला विचारलं, “तुम्ही आला होता का तिथं?”

“नाही, मॅडम. व्हिडिओ आला होता ग्रुपवर.”

“कुणाच्या ग्रुपवर?”

तो संपादकाकडं बघायला लागला. मग म्हणाला, “नगरसेवकांच्या.”

“मग कुणाला फोन केला?”

“पोलिसांना केला.”

“पोलिस काय म्हणाले?”

“म्हणाले, असं काही आमच्याकडं नाही.”

“मग?”

“मग आम्ही तेही लिहिलंय. शेवटच्या ओळीत. ‘पोलिसांनी याबाबत अधिक बोलणे टाळले.’”

पोलिस म्हणाले, घडलं नाही. यानं लिहिलं, बोलणं टाळलं. आमच्या खुर्चीत हे केलं असतं तर नोकरी गेली असती.

मी त्यांना माझ्या वडलांचं सांगितलं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलिस ॲक्शनच्या वेळी ते सोयगावकडं शाळकरी वयाचे होते. ते सांगायचे, त्या दिवसांत बातमी आधी यायची आणि माणसं मागून. अमक्या गावी असं झालं म्हणं. कुणी पाहिलं? कुणीच नाही. पण आधी एका बाजूची घरं भीतीनं ओस पडली, आणि वारं फिरल्यावर दुसऱ्या बाजूची जळाली. वडलांच्या वर्गातला एक पोरगा त्यानंतर परत कधी शाळेत आला नाही. “म्हणं”वर गेला तो, असं वडील म्हणायचे. मी संपादकाला म्हणाले, “तेव्हा निदान छापलेलं तरी नव्हतं.”

त्यानं पेपर परत आपल्याकडं ओढला. मग म्हणाला, “ताई, चूक झाली. आम्ही खुलासा छापतो. तुमच्या दोघींचा एक फोटो घेऊ का? शेजारी शेजारी बसलेल्या. लोकांना कळेल.”

चहा आला. फोटोवाला आला. आम्ही कप हातात धरून बसलो. भाभीनं बुरखा नीट केला. परत येताना रिक्षात ती म्हणाली, “अच्छा आदमी था.” मीही व्हय म्हणाले.

खुलासा आतल्या पानावर आला. ‘पडेगावातील वाद अखेर मिटला. नगरसेवकांच्या मध्यस्थीने दोन्ही गटांत समेट.’ एका बाजूला नगरसेवक हात जोडून. दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी, कप हातात. खाली लिहिलेलं : ‘समेटानंतर एकत्र चहा घेताना महिला.’

मी संपादकाला फोन लावला. “साहेब, समेट कुणी केला? कुणाचा? मी तुमच्यापुढं बसून काय सांगितलं?”

“ताई, जरा शांत व्हा. आम्ही सकारात्मक बातमी दिली आहे. शहराला आज त्याची गरज आहे.”

“आम्ही भांडलोच नव्हतो!”

“तेच तर छापलंय. आता वाद नाही म्हणून.”

मी त्याला जे बोलले ते इथं लिहिणार नाही. आमचे हे दारात उभे राहून ऐकत होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, “माझं चुकलं.” मी म्हटलं, तुमचं नंतर बघू.

टँकर परत सुरू झाला, आणि पहिल्याच दिवशी नगरसेवकाच्या माणसानं टँकरच्या दोन बाजूंना दोन रांगा लावायला सांगितल्या. एक यांची, एक त्यांची. “भानगड नको मावशी, पेपरात आलंय.” आजवर आमची एकच रांग असायची, ज्याचा ड्रम आधी त्याचा नंबर आधी. मी म्हटलं, दोन रांगा कशाला? बायका मुकाट्यानं ड्रम सरकवायला लागल्या. मी माझा ड्रम उचलून भाभीच्या रांगेत, तिच्या मागं ठेवला.

“काकू, तिकडं काय काम तुमचं?” गिरणीवाली इकडून ओरडली.

“माझं काम जिथं माझं शेजारपण आहे तिथं.”

पाणी भरून झाल्यावर मी तिच्यापाशी गेले. म्हटलं, तू असं बोलावंस? त्या दिवशी पाइप तू धरला होतास. भाभीचा ड्रम तू आधी भरलास. तिनं माझ्याकडं खरंच नवलानं बघितलं.

“धरला होता की. पण त्यांनी आधी ढकललं ना आपल्याला. मला तर तवाच वाटलं व्हतं.”

“कुणी ढकललं? अगं, तू तिथं उभी होतीस!”

“व्हय, पण गर्दीत काय दिसतंय? फोटोत दिसायलंय ना सरळ. पेपरवाले काय खोटं लिहितेत?”

ती खोटं बोलत नव्हती. ते सगळ्यात वाईट होतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काढून टाकलं होतं आणि त्या जागी पेपरातलं ठेवलं होतं. संपादकाला हे कधी कळणार नाही. त्याच्या दृष्टीनं ती बातमी जुनी रद्दी होती. ती रद्दी या बाईच्या डोक्यात राहायला गेली होती.

पुढच्या उन्हाळ्याआधी भाभीचं घर रिकामं झालं. मास्तरांनी जुन्या शहरात भावाच्या घराशेजारी जागा बघितली. कुणी त्यांना काही केलं नव्हतं, कुणी काही बोललंही नव्हतं. पण कोपऱ्यावरची चार पोरं मास्तर सायकलवरून येताना गप्प व्हायची, आणि ते गेल्यावर परत बोलायला लागायची. मास्तर म्हणाले, “ताई, गप्प बसणं मला ऐकू येतं.” सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी भाभीला थांब म्हणाले. ती म्हणाली, “तुम्हारे वास्ते रुकती मैं. मगर मेरे बच्चे तुम्हारे भरोसे पे कब तक?” त्या घरात आता दुसरं कुटुंब आहे. त्यांनी भिंत डोक्याएवढी केली.

यांचं म्हणाल तर, एकदा मारुतीच्या पारावर रिटायर मंडळी बसलेली असताना कुणीतरी “आपल्याकडं दंगल झाली तेव्हा” असं सुरू केलं. हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, “झाली नव्हती. माझी बायको तिथं होती, तुम्ही कुणीच नव्हता.” मला हे शेजारच्यांनी येऊन सांगितलं. यांनी घरी एक शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही, पण त्या दिवशी पुरणपोळी केली.

पाण्याची लाइन आली एकदाची. गेल्या निवडणुकीच्या वेळी माझ्या पुतणीनं आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. वर भलत्याच शहराचं नाव, खाली लिहिलेलं, बघा आपल्या बायकांवर काय वेळ आलीय. फोटोत मी होते आणि भाभी. तिनं चुलतीला ओळखलंसुद्धा नव्हतं. मी लिहिलं, “यातली डावीकडची मी. हे शहर ते नाही. आणि हे भांडण झालेलं नाही.” थोड्या वेळानं एका भाच्याचं उत्तर आलं : “मामी, ग्रुपवर राजकारण नको.”

मी भाभीला फोन केला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “अब कौन से गाँव में लड़ रहे अपन?” मी हसायची वाट बघत थांबले. ती हसली नाही. म्हणाली, “ताई, मेरे पोते ने देखा तो?”

आता तो फोटो ज्यानं पाठवला त्याला मी सरळ फोन लावते. पुतणीला लावला, भाच्याला लावला, त्याला ज्यानं पाठवला त्याचा नंबर मागून त्यालाही लावला. मी टेलिफोनमधली बाई आहे, मला एवढंच येतं. आधी विचारते, तुम्ही पाहिलं होतं का? मग सांगते, मी पाहिलं होतं. काही जण सॉरी म्हणतात. काही जण मध्येच ठेवून देतात. मी परत लावते.